डिप एकदाचा जागेवर थांबला, आणि एसडब्ल्यूआर मात्र वाढला

मंडळी, माझ्या गाडीतल्या सीबी रेडिओच्या (२७ मेगाहर्ट्झवरचा, चाळीस चॅनेलचा) अँटेनाचा डिप थांबला एकदाचा! केबल हलवा, दार उघडा, माइकची वायर हातात धरा, काहीही करा, नॅनोव्हीएनएच्या (अँटेना मोजायचं छोटं यंत्र, पुढे नुसतं व्हीएनए) स्क्रीनवरचा तो खड्डा, म्हणजे अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ते दाखवणारा डिप, जागचा हलत नाहीये. केबलला हात लावला की डिप सरकतो हे माझं मागचं रडगाणं ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल मी एवढा खूश का आहे ते. आणि गंमत अशी की सगळं नीट झाल्यावर एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा, १ म्हणजे काहीच परत नाही) आकडा आधीच्या सगळ्यात चांगल्या आकड्यापेक्षा वर गेलाय आणि तरीही सिग्नल वाढलाय. ते कसं ते पुढे येतंच, आधी लफडं काय होतं ते.

सेटअप तोच, बदललेला नाही. मागच्या दाराच्या कडेला क्लॅम्प माउंट, त्यावर बेस लोडेड (बुडाशी कॉइल असलेला) अँटेना, व्हिप म्हणजे वरची सळई साधारण १.३ मीटरची, खाली आरजी-५८ केबल आणि ४ वॅटचा एएम रेडिओ. छताच्या मधोमध भोक पाडून लावा हा सल्ला सगळ्यांनी दिला, बरोबरच आहे तो, पण छताला भोक पाडायला घरून परवानगी नाही आणि मॅग (चुंबकाच्या) माउंटचा मला राग आहे, चुंबकाखाली धूळ अडकून रंगावर चरे पडतात ते पडतातच, वर केबल दाराच्या फटीत चेंगरते.

तर आपल्या सगळ्यांचा पाठ असलेला नियम काय, चॅनेल १ ला एसडब्ल्यूआर जास्त आणि ४० ला कमी आला तर अँटेना आखूड, उलटं असेल तर लांब. माझ्याकडे १ ला २.४, ४० ला २.५, मधल्या १९ ला पण तेवढंच. म्हणजे ना आखूड ना लांब. व्हिप थोडा वर घेतला, तेच. खाली घेतला, तेच. मग लक्षात यायला लागलं की आकडा व्हिपवर अवलंबूनच नाहीये, केबल सीटखाली कशी पडलीय त्यावर आहे. सरळ पसरली की २.८, सीटमागे गोल गुंडाळून ठेवली की चक्क १.२! आता १.२ दिसल्यावर कोणाचा हात पुढे जाईल सांगा. तिथेच थांबावंसं वाटतं, मीटर बॉक्समध्ये ठेवावा, सगळ्यांना सांगावं की ट्यून झाला. पण केबल हलवली की आकडा बदलतो याचा सरळ अर्थ केबलच अँटेनाचा भाग होऊन बसलीय.

पाव तरंगलांबीच्या किंवा त्याहून छोट्या अँटेनाला दुसरा अर्धा भाग लागतो आणि गाडीत तो अर्धा भाग म्हणजे बॉडीचा पत्रा. २७ मेगाहर्ट्झला पूर्ण तरंगलांबी साधारण ११ मीटर, पाव म्हणजे पावणेतीन. आपला सव्वा मीटरचा व्हिप कॉइलच्या जोरावर कसाबसा तेवढा असल्याचं नाटक करतो, त्यात खालचा पत्राच मिळाला नाही तर करंट जिथे वाट मिळेल तिथून परत येतो, म्हणजे केबलच्या शील्डच्या (बाहेरच्या जाळीच्या) बाहेरून, रेडिओपर्यंत, माइकच्या वायरपर्यंत. बोलताना माइकचं बटण धरलेल्या बोटाला झिणझिण्या येतात तो प्रकार हाच.

खात्री करायला एक मस्त युक्ती आहे, सगळ्यांनी करून बघावी. क्लिपवाला फेराइट (केबलभोवती बसणारा, शील्डच्या बाहेरून वाहणाऱ्या करंटला अडवणारा तुकडा) घ्यायचा, ३१ नंबरच्या मिक्सचा असेल तर उत्तम, आणि माउंटच्या जवळ केबलवर लावायचा. ग्राउंड नीट असेल तर एसडब्ल्यूआर ढिम्म हलत नाही, कारण शील्डच्या बाहेरून काही वाहतच नाहीये. माझ्याकडे क्लिप लावताच आकडा उडाला. केबल त्याच फेराइटमधून तीन वेळा काढली तर अडथळा साधारण नऊ पट होतो, वेढ्यांच्या वर्गाच्या हिशोबाने, तसं केल्यावर तर डिप पार दुसरीकडेच. चोर सापडला.

आता यावर तुम्ही म्हणाल मग दाराला अर्थ (अर्थिंग) होताच की. होता! दारापासून बॉडीपर्यंत एक ३० सेंटीमीटरची गोल वायर आधीपासून लावलेली होती, दोन्ही बाजूंना छान लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), मल्टिमीटर लावला की बीप, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. आणि इथेच गाडं अडलं होतं. मल्टिमीटर डीसी मोजतो. तीच ३० सेंटीमीटरची वायर म्हणजे ढोबळमानाने ०.३ मायक्रोहेन्री, आणि २७ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा होतो ५० ओहमच्या आसपास. म्हणजे मीटरच्या दृष्टीने शॉर्ट आणि आरएफच्या (रेडिओ लहरींच्या) दृष्टीने मध्ये अख्खं एक लोड बसलेलं. त्या वायरला बॅटरीचा करंट खुशाल जाईल, आपलं काम होणार नाही. बिजागऱ्यांवर विसंबायचं तर तिथे रंग, ग्रीस आणि गंज यांचे थर, दाराच्या चारी बाजूंना रबर. दार म्हणजे हवेत लटकलेला पत्रा.

उपाय म्हणजे तांब्याची विणलेली चपटी पट्टी, रुंद आणि होता होईल तेवढी आखूड. रुंदी वाढली की इंडक्टन्स कमी, लांबी कमी झाली की अजून कमी. मी दोन्ही बिजागऱ्यांपाशी एकेक पट्टी टाकली, दार उघडायला जेमतेम पुरेल एवढा झोळ ठेवून. वेळ सगळा गेला तो रंग खरवडण्यात. बोल्टच्या खाली नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासायची, खालचा चकचकीत पत्रा दिसला की थांबायचं, त्यावर दातेरी वॉशर, मग लग, मग बोल्ट, आणि आवळून झालं की बाहेरून ग्रीसचा जाड थर, नाहीतर एका पावसात गंज आणि आपण परत पहिल्या पायरीवर. पट्टीच्या टोकांना लग क्रिंप करून (दाबून बसवून) वर डाग (सोल्डर) पण दिला, नुसत्या डागावर माझा भरवसा नाही, गाडीच्या हादऱ्यांनी तडकतो. माउंटचा क्लॅम्प स्क्रू पण रंगावरच बसलेला होता, तिथेही तेच केलं.

पट्ट्या आवळल्या आणि व्हीएनए लावला. एकच खड्डा, स्वच्छ, २७.४८ मेगाहर्ट्झला. केबल उचलली, हलवली, पिळली. जागेवर. फेराइट लावला, काढला. जागेवर. दार उघडून बघितलं, किंचित सरकला, बंद केलं की परत तिथेच. अहाहा. आणि आता तो जुना नियमही शहाण्यासारखा वागायला लागला, चॅनेल १ ला १.९ आणि ४० ला १.५, म्हणजे अँटेना आखूड. नियम खोटा नव्हताच, फक्त ग्राउंड पक्कं असेल तरच तो लागू होतो हे कुठल्या अँटेनाच्या कागदावर छापलेलं नसतं. त्या कागदांवर छापलेलं असतं ते फॅक्टरी ट्यून्ड. कोणत्या गाडीवर ट्यून केलंय बाबांनो?

मग अ‍ॅलन कीने ग्रब स्क्रू ढिला करून व्हिप दोन सेंटीमीटरहून जरा जास्त वर सरकवला, डिप आला २७.१९ च्या आसपास, म्हणजे चॅनेल १९ च्या पुढ्यात. एक सांगतो, मोजताना दारं सगळी बंद, गाडी भिंतीपासून आणि झाडांपासून लांब, आणि आपण स्वतः अँटेनापासून दोन पावलं मागे. माझ्या नुसत्या जवळ उभं राहण्याने डिप सरकताना दिसतो. आणि व्हीएनए लावलेला असताना चुकून रेडिओ की करू (माइकचं बटण दाबून सिग्नल सोडू) नका, तो खेळ एकदाच होतो.

आता मुद्द्याचं. १ ला १.५५, १९ ला १.४७, ४० ला १.५५. वर सांगितलेला गुंडाळ्या केबलचा १.२ आठवतोय ना? मग हे खराब झालं का? घरगुती फील्ड स्ट्रेंथ मीटर (हवेत गेलेला सिग्नल दाखवणारा), तोच डायोड आणि मायक्रोअँप मीटरवाला, ठरलेल्या खुणेवर ठेवून बघितला. आधी काटा ३० च्या आसपास, आता ४५. आकड्यांना स्वतःचा अर्थ काही नाही, तुलनेपुरते आहेत, पण फरक डोळ्यांना दिसणारा आहे. पलीकडच्या गाडीतल्या मित्राने पण न विचारता सांगितलं की आज तू मोठा येतोयस.

कारण असं की खालून मोजलेला रेझिस्टन्स म्हणजे तीन गोष्टींची बेरीज, हवेत जाणारा भाग, कॉइलमध्ये तापणारा भाग आणि ग्राउंडमध्ये वाया जाणारा भाग. छोट्या व्हिपचा पहिला भाग मुळातच कमी असतो. ग्राउंड भिकार असताना वाया जाणारा भाग मोठा, बेरीज रेडिओ आणि केबलच्या ५० ओहमच्या जवळ, मीटर खूश. ग्राउंड सुधारलं, वाया जाणं कमी झालं, बेरीज उतरून ३४ ओहम झाली, आणि ५० भागिले ३४ म्हणजे १.४७. मीटरने आपल्याला खरं तेच सांगितलं, प्रश्नच आपण चुकीचा विचारत होतो. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर) १.० येतो आणि त्यातून बाहेर काहीच जात नाही. केबलमध्ये पाणी शिरलं तरी एसडब्ल्यूआर छान दिसायला लागतो, कारण परत येणारी पॉवर वाटेतच जिरते.

आणि १.४७ ला किती पॉवर परत येते? साधारण साडेतीन टक्के. २ ला पण ११ टक्केच, म्हणजे अर्धा डेसिबल. एक एस युनिट (रेडिओच्या सिग्नल मीटरवरचं एक घर) ६ डेसिबलचं. १.५ वरून १.१ वर यायला जे लोक रात्री जागवतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे पण समोरच्याला ऐकू काही येत नाही. ३ च्या वर मात्र रेडिओचे फायनल (शेवटचे, पॉवर देणारे ट्रान्झिस्टर) सांभाळा, तिथे मी कोणालाही दुर्लक्ष करायला सांगणार नाही.

केबलच्या लांबीबद्दल मागे वाद झाला होता तो पण यात आपोआप मिटला. १८ फूटच पाहिजे म्हणणाऱ्यांनी हवेतली अर्धी तरंगलांबी धरलेली असते, साडेपाच मीटर. आरजी-५८ मध्ये वेग ०.६६ पट, म्हणजे केबलमधली अर्धी तरंगलांबी ३.६ मीटरच येते. आणि तसंही केबलची लांबी बदलून एसडब्ल्यूआर सुधारत असेल तर एकतर शील्डच्या बाहेरून करंट वाहतोय किंवा केबल लॉसी आहे, दोन्ही रोग वेगळे, औषध लांबी नाही. कनेक्टरबद्दल मात्र माझं मत ठाम, स्क्रू करून बसवायचे स्वस्त पीएल-२५९ फेकून द्या, डाग देऊन बसवायचे घ्या. शील्डचे केस नीट पसरून आत डाग पोचला पाहिजे, आत प्लास्टिक वितळेपर्यंत सोल्डरिंग आयर्न धरू नका.

पुढचा प्लॅन मुळात असा होता की आता हात लावायचा नाही, केबलवर एक कायमचा फेराइट चोक टाकायचा आणि रेडिओत येणाऱ्या अल्टरनेटरच्या शिट्टीकडे वळायचं. पण हे लिहिता लिहिता डोक्यात किडा शिरला. ३४ ओहम आहे म्हणजे फीड पॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते तिथे) एक छोटी शंट (ग्राउंडला जोडलेली) कॉइल टाकून ५० करता येईल की. हिशोब केला, अँटेना किंचित आखूड ठेवून २३ ओहमचा कपॅसिटिव्ह भाग ठेवायचा आणि मधल्या कंडक्टरवरून ग्राउंडला ०.४३ मायक्रोहेन्रीची कॉइल. १२ मिलिमीटरच्या गोलावर सात-आठ वेढे, पंधरा मिलिमीटर लांबीत पसरलेले. म्हणजे मी आत्ताच जो व्हिप वर घेतला तो परत खाली न्यायचा, आधीच्या जागेपेक्षाही दोन-अडीच सेंटीमीटर खाली! वर मीच १.५ वरून १.१ च्या मागे लागू नका म्हणालो हे मला माहितीये, पण कॉइलचा एक खरा फायदा आहे, मधला कंडक्टर डीसीला ग्राउंड होतो, कोरड्या हवेतल्या वाऱ्याने व्हिपवर साचणारा स्टॅटिक रेडिओच्या पुढच्या टोकावर न जाता खाली उतरतो. मग मधला कंडक्टर आणि शील्ड एकमेकांना चिकटलेत का ही ओपन-शॉर्ट टेस्ट करताना मात्र घाबरू नका, मल्टिमीटर शॉर्टच दाखवणार.

पट्टीच्या तिसऱ्या जागेचाही विचार चाललाय, दाराच्या खालच्या कडेला कुलपाजवळ, पण तिथे दार पूर्ण उघडतं त्यामुळे पट्टी लांब होणार आणि लांब पट्टीचं मी वर काय म्हणालो ते आहेच. त्याऐवजी दार बंद झाल्यावर पत्र्याला टेकणारी स्प्रिंगची पितळी पात लावावी का? कोणी केलं असेल तर गंजाचं काय झालं ते सांगा. तोवर शंट कॉइल करून बघतो, फील्ड मीटरचा काटा ४५ च्या पुढे सरकला तर ठेवेन, नाही सरकला तर स्टॅटिकसाठी ठेवेन.