१४ महिन्यांनी परत कॉकपिटमध्ये, आणि सासूबाईंची चेकलिस्ट

कोपरखैरणेत राहणाऱ्यांना माहितीये, वारं पश्चिमेचं असलं की मुंबईच्या २७ नंबर रनवेवर उतरणारी विमानं आपल्या डोक्यावरूनच जातात. बाळंतपणाच्या ब्रेकमध्ये मी मुलीला घेऊन गच्चीत उभी राहायचे आणि विमान दिसलं की तोंडातून आपोआप "गिअर डाऊन" निघायचं. मुलगी काही शिकली नाही पण सासूबाई शिकल्या, "काढली बघ याने चाकं" असं अगदी वेळेवर सांगायला लागल्या.

मी ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. प्रेग्नन्सीत मेडिकली अनफिट झाले तेव्हापासूनचं धरलं, मग कायद्याची २६ आठवड्यांची रजा, मग थोडी बिनपगारी, असे एकूण १४ महिने. नियम असा की मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग केलेली नसतील तर पॅसेंजर घेऊन उडता येत नाही. तेवढं सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये करून भागतं, पण माझा सहामाही प्रोफिशिएन्सी चेक (उडवण्याची परीक्षाच), वर्षाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचं), मेडिकल, डेंजरस गुड्सचा म्हणजे धोकादायक सामानाचा कोर्स, झाडून सगळं लॅप्स झालेलं. कोणी याच रांगेत असेल तर आधी मेडिकलचं बघा, ते फिट आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि त्यात महिना गेला, अळिवाचे लाडू खाऊन खाऊन कंटाळा आला, आणि फ्लाइंग नाही म्हणजे फ्लाइंग अलाउन्स नाही, ते वेगळंच.

ग्राउंड क्लासेस ठीकच. पूलमधलं ड्रिल मात्र मजेशीर, लाइफ जॅकेट विमानाच्या दारात येईपर्यंत फुगवायचं नाही हे आपण पॅसेंजरला सांगतो ना, ते फुगलेल्या जॅकेटसकट पाण्याखाली जायचा प्रयत्न केला की लगेच पटतं, जॅकेट वरच ओढतं. केबिनमध्ये पाणी भरलं असेल तर तुम्ही छताला चिकटून बसाल आणि दार राहील खाली.

खरा अभ्यास घरी झाला. कपाटाच्या दारावर कॉकपिटचं मोठं पोस्टर चिकटवलं, समोर प्लास्टिकची खुर्ची, आणि हात फिरवत बसायचं, हे स्विच, मग ते, तोंडाने कॉलआउट. मुलीने इंजिन फायरच्या बटणावर माझी टिकली लावून ठेवली, ती तशीच ठेवली मी, मापात बसली होती. समोरून चेकलिस्ट वाचायला कोणीतरी हवं, नवरा ऑफिसला, मग सासूबाई. चष्मा लावून देवनागरीत लिहून दिलेला कागद वाचायच्या, "ईकॅम मेमो?" मी म्हणायचे "लँडिंग, नो ब्लू". ईकॅम म्हणजे विमानाची स्थिती दाखवणारी स्क्रीन, तिच्यावर निळं काही उरलं असेल तर ते काम बाकी आहे. हे त्यांना इतकं आवडलं की घराबाहेर पडताना गॅस, गिझर, गॅलरीचं दार बघून म्हणायच्या "नो ब्लू, चल".

सिम गुरुग्रामला, रात्री २ चा स्लॉट, चार तासांचं सेशन, दोन तास तुम्ही उडवायचं आणि दोन तास पार्टनरला मॉनिटर करायचं. मधल्या दहा मिनिटांच्या ब्रेकमध्ये पार्टनर चहा प्यायचा आणि मी वॉशरूममध्ये ब्रेस्ट पंप घेऊन. याचं कोणी ब्रीफिंग देत नाही.

मेमरी आयटम्स, म्हणजे कागद न बघता तोंडपाठ करायच्या कृती, मला झोपेत उठवून विचारले असते तरी आले असते, विंडशिअर (अचानक बदलणारं वारं), टीकॅस (दुसरं विमान जवळ आल्याचा इशारा), इमर्जन्सी डिसेंट (तातडीने खाली येणं) सगळं धडाधड. माती खाल्ली ती पायांनी. टेकऑफला बरोबर व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो तिथे, एक इंजिन गेलं, नाक एका बाजूला पळालं आणि मी रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवायचं पायडल, असा काही हाणला की नाक दुसरीकडे, मग उलटा पाय, मग परत. इन्स्ट्रक्टरने सिम फ्रीज केलं आणि शांतपणे विचारलं, किती दाबलंस? मला सांगता येईना. माझ्या आईच्या शिलाई मशीनला मोटर बसवली होती, पहिल्यांदा पायडल दाबलं तेव्हा कापड असंच पळालं होतं. मग परत, पाय दाबत न्यायचा, नाक सरळ झालं की तिथेच धरायचा, पिच, म्हणजे नाक वर, साडेबारा डिग्री, गिअर अप, आणि निळा बीटा टार्गेट, म्हणजे विमान तिरकं जातंय का ते दाखवणारी स्क्रीनवरची खूण, मध्यावर आणून रडर ट्रिम, म्हणजे पाय न दाबता रडर तिथेच राहील असं सेट करायचं. तिसऱ्या वेळी जमलं, सहाव्या वेळी पायाला कळलं. पोस्टरवर पायडल नव्हते ना, तिथेच घोळ.

चेकच्या दिवशी घाबरले होते पण झालं. एक अप्रोच जरा वाकडातिकडा गेला, वेळेत गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता परत वर गेले, एक्झामिनर त्यावर काही बोलले नाहीत. मग इन्स्ट्रक्टर कॅप्टनबरोबर लाइनवर, म्हणजे खऱ्या पॅसेंजर फ्लाइटवर, पहिल्याच दिवशी नागपूर-मुंबई, आणि लँडिंग माझं. घरावरून जाताना साधारण २००० फूट असतील, टेकायला दोन-चारच मिनिटं उरलेली, खाली बघायची सोय नसते, मी "गिअर डाऊन" म्हटलं आणि कॅप्टननी लिव्हर खाली केला. लँडिंग ठीकठाक, जरा लांब गेलं.

फोन चालू केला तर सासूबाईंचा मेसेज, "आम्ही तिघं गच्चीत होतो, ८:१० ला तुझं विमान गेलं, चाकं काढली होतीस, बाळाने टाटा केलं."

आम्ही टेकलो ८:२५ ला. अजून सांगितलं नाहीये त्यांना.