सर्जन त्यांनी ठरवले, शस्त्रक्रियेचे मी

पंचवटीत लहानाची मोठी झालेल्या मला डॉक्टर बदलणे ही रिक्षा बदलण्याइतकी साधी गोष्ट वाटत असे. आईच्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा सकाळी शरणपूर रोडवरच्या सर्जनांचे बोलणे पटले नाही म्हणून सायंकाळी तीच फाइल घेऊन आम्ही गंगापूर रोडवर दुसऱ्यांकडे गेलो आणि चौथ्या दिवशी तिची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालीसुद्धा. त्यामुळे येथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मलाही तोच आजार निघाला आणि सर्जनकडे थेट जाता येत नाही असे कळले, तेव्हा मी चक्रावले.

एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आधी आपले नाव नोंदवलेल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडे जावे लागते आणि तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही हे तेच ठरवतात. 5 जुलै 1948 रोजी, अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना सुरू झालेली ही सेवा मुख्यतः करांतून चालते. नाशिकच्या नातेवाइकांना वाटते तशी ती आम्हाला फुकट मात्र नाही. या सेवेसाठी व्हिसाबरोबर बहुतेक प्रौढांना दर वर्षाचे 1,035 पौंड आगाऊ भरावे लागतात आणि पगारातला कर वेगळाच. पैशांचे एकदा भागले तरी वेळेचे भागत नाही. 92 टक्के रुग्णांचे उपचार 18 आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, हे सरकारचेच उद्दिष्ट 2016 पासून गाठले गेलेले नाही. मध्यरात्री बरगडीखाली कळ उठली की हा आकडा आठवतो.

इंग्लंडमध्ये तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीसाठी रुग्णालय निवडण्याचा कायदेशीर हक्क रुग्णाला आहे आणि एनएचएसशी करार असलेली खासगी रुग्णालयेही त्यात येतात, हे मला शेजारच्या गुजराती काकूंनी सांगितले, जीपींनी नाही. मी चाळीस मैलांवरचे, प्रतीक्षा कमी असलेले रुग्णालय निवडले. घरी गाडी नसती, तर हा हक्क कागदावरच राहिला असता.

सर्जन कोण मिळणार, हे मात्र त्या दिवशीच्या वेळापत्रकाने ठरवले. त्यांनी अर्धा तास समजावले: थांबल्यास खडा पित्तनलिकेत अडकू शकतो, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शस्त्रक्रियेत पित्तनलिकेलाच इजा होण्याचा धोका कमी असला तरी झाल्यास गंभीर असतो. मग त्यांनी विचारले, “तुमचा काय विचार आहे?” मी अस्सल नाशिककर सवयीने म्हणाले, “तुम्हीच सांगा, डॉक्टर.” ते हसले आणि उत्तराची वाट पाहत राहिले. तो केवळ त्यांचा स्वभाव नव्हता. 2015 मध्ये माँटगोमेरी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे धोके आणि पर्यायी उपचार त्याला सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

मला आईची शस्त्रक्रिया आठवली. सर्जन आम्ही निवडले होते खरे, पण अनामत रक्कम भरल्यावर एकही प्रश्न विचारला नाही, आणि थांबून पाहता येईल का, हे कोणी सुचवलेही नाही. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मात्र शस्त्रक्रिया केली काय नि न केली काय, येथल्या एनएचएसच्या सर्जनचा पगार तोच राहतो, हा फरक मला लहान वाटत नाही. आता आपल्याकडेही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळते. त्यात रुग्णालय योजनेच्या यादीतलेच घ्यावे लागते आणि काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. माझे काका याला जाच म्हणतात. यादीतल्या रुग्णालयात त्यांना कोणी पर्याय समजावून सांगितले का, असे मी विचारले, तेव्हा त्यांना तो प्रश्नच कळला नाही.

मी सहा महिने थांबून पाहायचे ठरवले आहे. तळलेले बंद केले आहे आणि कळ वाढली तर कोणाला फोन करायचा, ते पत्रात लिहून मिळाले आहे. आईला हे सगळे सविस्तर सांगून झाले, तरी दर रविवारी ती विचारते, “पण डॉक्टर काय म्हणाले?”