रडर पेडल्सचा जिटर (थरथर): एक नाही, तीन वेगवेगळे फॉल्ट निघाले

माझ्या फ्लाइट सिम्युलेटरमधला (खाली नुसतं सिम म्हणतो) रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग, बरेच दिवस वेड्यासारखा वागत होता. आता बऱ्यापैकी छडा लागलाय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. सेटअप साधा आहे: ट्विस्टवाली (दांडा पिळूनही रडर चालवता येणारी) जॉयस्टिक, वेगळा थ्रॉटल आणि पॉटवाले (पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, शाफ्ट फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा भाग) जुने रडर पेडल्स, टो ब्रेकसकट (पेडलचा वरचा भाग दाबून लागणारे चाकांचे ब्रेक). लक्षणं तीन होती आणि तिन्ही एकमेकांत मिसळलेली, त्यामुळे कशामुळे काय होतंय तेच कळेना. टेकऑफ रोलमध्ये पाय स्थिर धरला तरी नाक मधेच झटका खायचं. कधी पाय उजवीकडे दाबलेला असताना सिममधला रडर गपकन सेंटरला यायचा. आणि लांबच्या फ्लाइटमध्ये अधूनमधून पेडल्स चक्क गायब, विंडोजचा डिस्कनेक्टचा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने परत हजर.

असं काही झालं की आपला हात आधी सिमच्या सेन्सिटिव्हिटीच्या पानावर जातो आणि डेडझोन, म्हणजे सेंटरजवळचा ज्यातली हालचाल सिम मोजतच नाही तो भाग, वाढवला जातो. माझं ठाम मत आहे की तो शेवटचा उपाय असावा, पहिला नाही. का ते खाली पॉटच्या भागात येईलच.

पहिलं काम म्हणजे सिम पूर्ण बंद करून जॉय डॉट सीपीएल उघडायचं. रनमध्ये टाइप केलं की विंडोजची गेम कंट्रोलरची जुनी खिडकी येते, प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक ॲक्सिस (कंट्रोलरची एकेक हालचाल) हलताना दिसते, कॅलिब्रेशनच्या पानावर रॉ डेटाची टिक केली की आकडेही दिसतात. इथे ॲक्सिस गुळगुळीत सरकत असेल आणि सिममध्येच उड्या मारत असेल तर हार्डवेअर खोलायची काही गरज नाही, गडबड सेटिंगमध्ये आहे. इथेच उड्या दिसल्या तर मात्र स्क्रूड्रायव्हर काढा. या एका टेस्टमुळे अर्धा गोंधळ मिटतो.

आणि हो, सिममध्ये तपासताना वारा शून्य करा. शिवाय सिंगल इंजिन विमान फुल पॉवरला डावीकडे ओढतंच, सेसना १७२ मध्ये चढताना उजवा रडर द्यावाच लागतो, तो फिजिक्सचा भाग आहे, पेडलचा दोष नाही. मी सगळ्या टेस्ट पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून, बाहेरच्या कॅमेऱ्यातून रडरकडे बघत केल्या.

सेंटरला गपकन यायचं कारण लगेच सापडलं. रडरची ॲक्सिस दोन ठिकाणी बांधलेली होती, पेडल्सना आणि जॉयस्टिकच्या ट्विस्टलाही. मायक्रोसॉफ्टचा सिम नवीन डिव्हाइस दिसलं की स्वतःच बाइंडिंग (कुठली ॲक्सिस काय चालवेल ती जोडणी) टाकतो, डीसीएस हा लढाऊ विमानांचा सिम तर त्याहून पुढे, पेडल्सच्या टो ब्रेकला पिच आणि रोल (नाक वर-खाली आणि विमान कलवणं) देऊन मोकळा होतो. मग होतं काय की पेडल दाबून धरलेला असतो, तेवढ्यात ट्विस्टमधून एखादी बारीकशी थरथर येते, सिमला वाटतं नवीन हुकूम आला, आणि रडर ट्विस्टच्या जागेवर म्हणजे सेंटरला. ट्विस्टचं बाइंडिंग काढलं, हा प्रकार बंद. कोणतंही नवीन कंट्रोलर लावलं की प्रत्येक डिव्हाइसच्या यादीत जाऊन एकच ॲक्सिस दोनदा आलीय का ते बघायची सवयच लावून घ्या.

गायब होण्याचं प्रकरण पॉवरचं निघालं. पेडल्स बिनॲडॉप्टरच्या हबवर होते, शेजारी थ्रॉटल, त्याचे दिवे, आणि बाकी किरकोळ सामान. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो आणि असा हब तेवढ्यातच सगळ्यांचं भागवतो. पेडल्स सरळ मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावले. त्यासोबत पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढली. क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, पेडल्सला बराच वेळ कोणी हात, म्हणजे पाय, लावत नाही आणि विंडोजला वाटतं हे झोपलंय. तेव्हापासून एकदाही डिस्कनेक्ट नाही.

आता खरा माल. झटके अजून चालूच होते आणि जॉय डॉट सीपीएलमध्येही स्पष्ट दिसत होते.

खोलण्याआधी एक गोष्ट केली आणि ती सगळ्यांनी करावी असं वाटतं. पेडल अगदी हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि उडी नेमकी कुठे येते ते लिहून काढलं. उडी कशी आहे आणि कुठे आहे यावरून फॉल्ट बराचसा ओळखता येतो. सगळ्या ॲक्सिस एकदम मॅक्सला गेल्या तर कॉमन ग्राउंडची वायर तुटलेली असायची शक्यता जास्त, सगळ्या एकदम शून्यावर आल्या तर सप्लायची. एकच ॲक्सिस भरकटतेय आणि शेजारचा टो ब्रेक दाबला की तीही सोबत हलतेय, तर त्या ॲक्सिसची सिग्नल वायर सुटलीय, कारण मोकळा पडलेला इनपुट आधी वाचलेल्या चॅनलचं व्होल्टेज धरून बसतो. पेडल न हलवता नुसती केबल वाकवल्यावर आकडा बदलला तर केबल, आणि ती बहुतेक वेळा इन्सुलेशनच्या आत, तोंडाजवळ जिथे वाकते तिथेच तुटलेली असते. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. उड्या फक्त सेंटरजवळ आणि सेंटरच्या थोडं उजवीकडे, दोन्ही टोकं एकदम स्वच्छ.

म्हणजे पॉटमधला ट्रॅक, ज्यावर वायपर नावाचा संपर्क घासत सरकतो, तो झिजलाय. पॉट काढून मल्टिमीटर लावला, त्याच्या बाहेरच्या दोन पायांमध्ये (पिनांमध्ये) १० किलोओहमच्या आसपास, स्थिर, म्हणजे ट्रॅक अखंड आहे. मधला पाय आणि एक बाहेरचा पाय धरून शाफ्ट हळू फिरवला तर मधल्या भागात आकडा उड्या मारतोय, क्षणभर ओपनसुद्धा दाखवतोय. मागचं पत्र्याचं झाकण उचकटून बघितलं तर कार्बनचा काळा मॅट ट्रॅक आणि त्यात मधोमध एक गुळगुळीत चकाकणारा पट्टा, एका बाजूला जास्त लांबलेला, आणि वायपरच्या बारीक बोटांवर काळी भुकटी साठलेली. तो लांबलेला भाग उजव्या रडरचाच. दर टेकऑफला, दर चढणीला पाय तिथेच असतो, मग झीज तिथेच होणार ना!

आता डेडझोनचं. डेडझोन सेंटरची थरथर लपवतो, पण चढताना जेव्हा उजवा रडर धरलेला असतो तेव्हा आपण डेडझोनच्या बाहेर असतो आणि झटका तसाच येतो. उलट क्रॉसविंड लँडिंगमध्ये, टेलड्रॅगरमध्ये (शेपटीखाली चाक असलेलं विमान), आणि हेलिकॉप्टर हॉवरला (जागेवर तरंगताना) तर सगळा खेळ सेंटरच्या आसपासचाच, तीच बारीक हालचाल डेडझोन खाऊन टाकतो. म्हणजे रोग तसाच राहतो आणि विमान बधिर होतं.

अजून एक, पेडलचा पॉट त्याच्या पूर्ण फेरीतला थोडासाच भाग वापरतो. समजा पॉट ३०० अंश फिरतो आणि पेडल त्याला ६० अंशच फिरवतो, तर पॉटचा सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या १० बिटच्या बोर्डाच्या १०२४ पायऱ्यांपैकी जेमतेम २०० हाती लागतात, आणि कॅलिब्रेशन त्या ताणून पूर्ण ॲक्सिसभर पसरवतं, थरथरीसकट. त्यात कॅलिब्रेशन करताना नेमकी मोठी उडी आली तर विंडोज तिलाच शेवटचं टोक समजतं आणि मग पाय पूर्ण दाबूनही पूर्ण रडर मिळत नाही.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून शाफ्ट भरपूर फिरवला. फरक पडला, पण टिकला नाही. धूळ किंवा ऑक्साइड असेल तर क्लीनर काम करतो, कार्बनच उडालेला असेल तर तो परत कुठून येणार? फवारायचं नेहमीचं गंज सोडवणारं तेल मात्र पॉटमध्ये घालू नका, त्याचा थर राहतो आणि त्यावर आणखी कचरा बसतो. नवीन पॉट टाकायचा असेल तर लिनिअर घ्या, म्हणजे त्यावर बी१०के असं लिहिलेलं. ए वाला ऑडिओ टेपरचा असतो, त्याने रडर एका बाजूला हळू आणि दुसऱ्या बाजूला जोरात चालतो.

मी हॉल सेन्सरकडे वळलो, म्हणजे मॅग्नेटचं फील्ड मोजणारा, काहीही न घासणारा सेन्सर. एसएस४९ई हा लिनिअर सेन्सर, पॉटसारख्याच तीन वायर, त्यामुळे जुन्या बोर्डालाच लागतो, फक्त पायांचा क्रम डेटाशीट बघून जुळवायचा. ५ व्होल्टवर, मॅग्नेट लांब असताना, तो बरोबर मधे म्हणजे २.५ व्होल्टच्या आसपास देतो. ए३१४४ सारखे दिसायला तसेच असलेले सेन्सर घेऊ नका, ते स्विच आहेत, चालू किंवा बंद, मधलं काही नाही. शाफ्टच्या टोकाला दोन छोटे निओडायमियम मॅग्नेट समोरासमोर, विरुद्ध पोल एकमेकांकडे, आणि मधे सेन्सर स्थिर. सगळ्यात जास्त वेळ मॅग्नेटच्या अंतरात गेला. फार जवळ आले की टोकाला व्होल्टेज अडकतं आणि पेडलचा शेवटचा भाग मेलेला राहतो, फार लांब ठेवले की रेंज कमी. मल्टिमीटर सिग्नलला लावून दोन्ही टोकांना आकडा अजून सरकतोय हे बघितलं आणि मगच इपॉक्सी लावली. ब्रॅकेटला पितळी स्क्रू वापरले, लोखंडी असले की फील्ड एका बाजूला झुकतं. सिग्नल आणि ग्राउंडमध्ये बोर्डाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटरही टाकला.

जुनं कॅलिब्रेशन रिसेट करून नव्याने केलं. रडर आता डेडझोन शून्य ठेवून उडवतोय, कर्व्हही (पाय किती दाबला की रडर किती हलेल तो आलेख) सरळ, आणि सेंटरलाइनवर रोल करताना बारीकसा दाब दिला तरी नाक तेवढंच सरकतं. फार छान वाटतं!

बाकी राहिलंय ते असं. डावा टो ब्रेक अजून पॉटवरच आहे आणि पाय काढल्यावर पूर्ण शून्यावर येत नाही, थोडा ब्रेक लागून राहतो, त्याला तात्पुरता तळाशी छोटा डेडझोन दिलाय कारण तिथे बारीक कंट्रोल लागत नाही. त्याचीही स्प्रिंग आणि शाफ्टचा स्क्रू आधी तपासणार, सेन्सर नंतर. स्लायडरच्या रेलवर प्लास्टिकला चालणारं डॅम्पिंग ग्रीस लावायचंय, पेडल सेंटरला येताना अजून थोडा आपटतो.