झाकणातले काटे

सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात गर्दी असतेच, कारण दोन-तीन आठवडे भिंतीला टेकून राहिलेल्या सायकलींची हवा उतरलेली असते आणि व्हॉल ट्यूब, म्हणजे हवा भरायच्या तोंडातली बारीक रबरी नळी, वाळून चिकटलेली असते. त्या सोमवारी मात्र सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत चौदा सायकली आल्या आणि त्यांतल्या एकीचीही हवा अशी उतरलेली नव्हती. सगळी पंक्चर होती. काही सायकलींना दोन्ही चाकांत, तर एका मुलाच्या मागच्या चाकात एकाच ट्यूबला सहा ठिकाणी.

टायरमधून जे निघेल ते मी फेकून देत नाही, सोल्युशनच्या डबीच्या झाकणात ठेवतो. गिऱ्हाईकाला कारण दाखवता येते, आणि टायरमध्ये काही राहून गेले नाही याची माझीही खात्री होते. पंक्चर काढणाऱ्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे ट्यूबचे भोक बुजवायचे आणि टायरमध्ये अडकलेले टोक तसेच ठेवायचे. ते टोक दुसऱ्या दिवशी नवीन पॅचच्या शेजारीच पुन्हा भोक पाडते. म्हणून घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे कुठे येतात ते पाहिले की मी ट्यूब व्हॉलपासून मोजून टायरवर धरतो, ती जागा बाहेरून पाहतो आणि मग कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवतो. टोक असेल तिथे कापूस अडकतोच. बोट फिरवले तर बोटच कापते.

दहा वाजेपर्यंत त्या झाकणात काटे वाढत गेले आणि मला ते ओळखीचे वाटू लागले. आमच्या भागात सहसा सराटे निघतात, पण हे सराटे नव्हते. हे लांब, सरळ, बुडाशी जाड आणि टोकाला सुईसारखे होते. वेडी बाभूळच, यात मला शंका राहिली नाही. ही मूळची अमेरिकेकडची, पण आता आपल्याकडच्या प्रत्येक पडीक जागेत उभी असलेली झाडे. चौदा सायकलींना एकाच सकाळी एकाच झाडाचे काटे लागतात, तेव्हा ती झाडे कुठेतरी तोडली गेली आहेत आणि तोडलेल्या फांद्या मुलांच्या वाटेवर आल्या आहेत, असे मनाशी धरून मी प्रत्येकाला तो कोणत्या रस्त्याने आला ते विचारू लागलो. शामरावनगरकडून येणाऱ्या बहुतेकांनी एकच पाऊलवाट सांगितली.

तेवढ्यात एक गृहस्थ मुलीची सायकल हाताने ढकलत आले. तिचे पंक्चर मी शनिवारीच काढले होते. ते म्हणाले, "मामा, परवाच वीस रुपये घेतले ना? पुन्हा तेच. लोक म्हणतात ते खरं दिसतंय, काटे तुम्हीच टाकता वाटतं रस्त्यावर." दुकानात तेव्हा पाच-सहा माणसे होती आणि सगळी गप्प झाली. हा आळ आमच्या धंद्यावर जुना आहे. कुठे कोणी तसे केलेही असेल, त्याबद्दल मी बोलू शकत नाही, पण मुलांच्या सायकलींवर ज्याचे घर चालते त्याला तो शब्द किती लागतो हे मला त्या दिवशी कळले. मी रागाने बोललो नाही. त्यांना स्टूल दिले आणि म्हणालो, "साहेब, तुमच्यासमोर उघडतो."

पान्याने टायर उचकटून ट्यूब बाहेर काढली. शनिवारचा पॅच जागेवर होता, त्यातून एकही बुडबुडा येत नव्हता. नवे भोक तिथून वीतभर पुढे होते. भोकावरून पुष्कळ कळते. हवा कमी असताना चाक दगडावर आपटले तर ट्यूब रिममध्ये चेपून दोन समांतर चिरा पडतात, काचेची चीर लांबट असते, आऱ्यांची टोके झाकणारी रिम पट्टी सरकली असेल तर भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला मिळते. हे भोक वर्तुळाकार, बारीक आणि जमिनीच्या बाजूला होते. टायरमध्ये त्याच जागी काटा मोडून बसला होता. तो चिमट्याने काढून मी झाकणात इतरांशेजारी ठेवला आणि झाकण त्यांच्या हातात दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "हे सगळे एकाच झाडाचे आहेत."

मी म्हणालो, "चला, झाड दाखवतो."

दुकान पोराच्या हवाली करून आम्ही दोघे चालत निघालो. शामरावनगरचा तो भाग सखल आहे. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटमध्ये पाणी साचून राहते, आणि दोन प्लॉटच्या मधून नाल्याच्या कडेने जी पाऊलवाट गेली आहे, तिच्यावरून मुले शाळेला जातात. मोठ्या रस्त्याने गेले तर ट्रक, डंपर आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या यांच्या कडेने जावे लागते, म्हणून ही वाट बंद करा असे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. ती वाट मुलांसाठी सुरक्षितच राहिली पाहिजे.

तिथे पोहोचल्यावर सारे उघड झाले. एका प्लॉटमधली बाभळीची जाळी तोडली होती, फांद्या वाटेवरून ओढत नेऊन ट्रॉलीत भरल्या होत्या. अवकाळी सरींनी ओली झालेली काळी माती तेव्हा मऊ असावी. ट्रॉलीच्या चाकाने डहाळ्या तिच्यात दाबल्या गेल्या, आणि नंतर उन्हाने माती वाळून कठीण झाली. मी उकिडवा बसून पाहिले, तर चाकाच्या खुणेत काटे आभाळाकडे टोक करून सिमेंटात बसवल्यासारखे पक्के उभे होते. शेजारी सायकलींच्या टायरच्या बारीक रेघा होत्या आणि त्या थेट त्या काट्यांवरून गेल्या होत्या.

खराट्याने झाडून हे निघणार नव्हते. काटा वरच्या वर मोडला असता आणि खालचे टोक तसेच राहिले असते. शेजारच्या मावशींकडून बादली घेऊन आम्ही माती भिजवली, ती मऊ झाल्यावर खुरप्याने डहाळ्या मुळासकट उचकटल्या, आणि मग ओले गोणपाट दगड ठेवून वाटेवरून चार वेळा ओढले. सुटे काटे गोणपाटाच्या धाग्यांत अडकतात. प्रत्येक फेरीनंतर ते उलटे करून पाहिले की किती राहिले ते कळते. चौथ्या फेरीला दोनच निघाले. जमा झालेला सारा काटा मावशींनी आंघोळीच्या बंबात जाळला.

काम करता करता त्या गृहस्थांनी विचारले, "भरीव टायर का नाही घालत मुलांना? पंक्चरची कटकटच नको." मी सांगितले की भरीव टायरवर प्रत्येक खड्डा मुलाच्या मनगटात आणि पाठीत बसतो. सायकलीचे हवेचे टायर मुळात एका मुलासाठीच केले गेले. 1888 च्या सुमारास बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार हादरते म्हणून ते तयार केले. हवा हवीच. फक्त ती टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्याइतकी भरलेली असावी, दर आठवड्याला पाहावी आणि काटेरी भागात राहणाऱ्यांनी टायर व ट्यूब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालून घ्यावी. पट्टीच्या कडा मात्र कानशीने पातळ कराव्यात, नाहीतर तीच कड ट्यूबला कापते. चाकात काटा दिसला तरी हवा जात नसेल, तर तो वाटेत उपटू नये. बऱ्याचदा तोच भोक बुजवून बसलेला असतो आणि सायकल दुकानापर्यंत येते.

वाटेच्या कडेला मला सराट्याच्या वाळक्या वेलीही दिसल्या. ही वनस्पती आयुर्वेदात गोखरू म्हणून औषधाची आहे, पण सायकलीची वैरीण आहे. तिचे फळ वाळले की पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर राहतो. बी मातीत वर्षानुवर्षे टिकते. वाळल्यावर ओढली तर फळे जागच्या जागी गळतात. म्हणून पाऊस पडून पिवळी फुले दिसली की फळ धरायच्या आत ती मुळासकट काढायची असते. त्या दिवशी वेळ निघून गेली होती, म्हणून वेली कडेकडून आत गुंडाळत उचलल्या आणि खाली पडलेले सराटे गोणपाटाने टिपले.

प्लॉटचे मालक त्याच संध्याकाळी भेटले. त्यांना याची कल्पनाच नव्हती, दुसऱ्या दिवशी त्यांनी मजूर पाठवून उरलेल्या डहाळ्या उचलून घेतल्या. मंगळवारीही नऊ पंक्चर आली आणि मी थोडा खचलो, पण उघडून पाहिले तर काटे सोमवारीच घुसलेले होते, हवा सावकाश गेली होती. बुधवारी पाच. शनिवारी एकच आले, आणि त्यातून खिळा निघाला.

पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या एका रविवारी, मी खुरपे घेऊन त्या वाटेवर गेलो, तर ते गृहस्थ मुलीला घेऊन आधीच आलेले होते. आम्ही तिघांनी दोन तासांत सराट्याची सारी वेल उपटली. त्या प्लॉटमधल्या बाभळीच्या बुंध्यांना मात्र पुन्हा फूट आली आहे. या दिवाळीआधी ती तोडायची आणि फांद्या वाटेवरून न ओढता मागच्या बाजूने न्यायच्या, एवढे मालकांशी बोलून ठेवले आहे.