आंजर्ल्याच्या खाडीवर ओएसपीएफ

दापोली, हर्णै आणि आंजर्ले अशा तीन ठिकाणी आमच्या केबल-इंटरनेटचे राउटर आहेत. दापोलीहून दोन्हीकडे फायबर जाते. हर्णै आणि आंजर्ले खाडीवरून ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस लिंकने जोडलेत. त्रिकोण पूर्ण होता, पण रूट (डेटाच्या वाटा) सगळे स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहून ठेवलेले. पावसात झाड पडून फायबर तुटली की लॅपटॉप उघडून हाताने रूट बदलायचे. तोवर होमस्टेवाले फोन करकरून जीव खायचे, "नेट गेलं काय ओ?"

स्टॅटिकला राखीव रूट देता येतो, पण तो भरवशाचा नाही. रेडिओ राउटरला साध्या केबलने जोडलेला असतो. हवेतली लिंक मेली तरी केबल शाबूत, पोर्टचा दिवा हिरवा, आणि राउटर बिनधास्त त्याच वाटेने पॅकेट ढकलत राहतो. ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी आपापसांत बोलून वाटा स्वतः ठरवायची पद्धत. तिच्यात राउटर एकमेकांना दर १० सेकंदांनी 'हॅलो' हा छोटा संदेश पाठवतात. ४० सेकंद काहीच आलं नाही तर शेजारी गेला असं धरतात. मला हवं होतं ते हेच.

आरआयपी (वाटा ठरवायची दुसरी पद्धत) सोपं पडेल, असं एका मित्राने सुचवलं होतं. पण ते फक्त हॉप, म्हणजे एका राउटरहून दुसऱ्याकडचे टप्पे, मोजतं. हर्णैहून आंजर्ल्याला वायरलेसने एक हॉप, दापोलीवरून फायबरने दोन. म्हणजे चांगली फायबर सोडून सगळा ट्रॅफिक खाडीवरून! ओएसपीएफमध्ये प्रत्येक वाटेला कॉस्ट देता येते, एकूण कॉस्ट कमी ती वाट आधी. प्रत्येक फायबरला कॉस्ट १० दिली, वायरलेसला १००. प्रश्न मिटला.

मांडणी किरकोळ: एकच एरिया शून्य (सगळे राउटर एका गटात), राउटर आयडी लूपबॅकचा (राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसचा पत्ता), ग्राहकांकडचे इंटरफेस पॅसिव्ह (तिकडे हॅलो जात नाहीत). घाम फोडला तो आंजर्ल्याच्या राउटरने. शेजारी दिसायचा, पण 'एक्सस्टार्ट'वर (देवाणघेवाण सुरू करायच्या पायरीवर) अडकायचा, 'फुल' (जोडणी पूर्ण) काही होईना. फायरवॉल बघितला, पासवर्ड बघितला. शेवटी दोन्हीकडचे इंटरफेस समोरासमोर उघडले तर इकडे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० आणि तिकडे कोणीतरी कधीकाळी १४८० करून ठेवलेला. हॅलोमध्ये एमटीयू नसतोच, म्हणून ओळख होते; डेटाबेसची (जाळ्याच्या नकाशाची) देवाणघेवाण सुरू झाली की गाडी अडते. १५०० केला आणि लगेच 'फुल'.

बिघाड लवकर कळावा म्हणून हॅलो १ सेकंदावर आण, असाही सल्ला मिळाला. वायरलेसवर मी तो मानला नाही. पाण्यावर आपटून येणारी लहर भरती-ओहोटीप्रमाणे थेट लहरीला कधी साथ देते, कधी मारते. सिग्नल वरखाली होतोच. चार हॅलो चुकले की शेजारी गेला, परत आला, पुन्हा गेला, असा खेळ दिवसभर चालला असता. फायबर तुटली तर पोर्टच पडतो, तिथे हॅलोची वाट बघावी लागत नाही.

चाचणीला पिंग (उत्तर येतं का ते बघणारे संदेश) चालू ठेवून दापोलीत आंजर्ल्याचा पॅचकॉर्ड (राउटरला लावलेली फायबरची छोटी वायर) उपसला. दोन-तीन 'टाइमआउट', मग उत्तरं पुन्हा सुरू, फक्त हर्णैवरून. आता फायबर तुटली की फोन येतो तो "नेट स्लो झालंय" असा. खाडीवरच्या रेडिओला संध्याकाळचा अख्खा आंजर्ले गाव झेपत नाही. तिथे बँडविड्थची वाटणी लावायचं काम सध्या चालू आहे.