कॅसिडी डॉक्टरांचं मत

गोवराची लस कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते. सोबत तिच्यात मिसळायच्या पाण्याची वेगळी अँप्युल असते. ते पाणी त्याच लशीचं लागतं, लशीइतकंच थंड लागतं, आणि एकदा कालवलं की चार तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. कुपीवर वेळ लिहायची. नव्याने लागलेल्या नर्स मुलींना हे शिकवताना माझा आवाज चढायचा. चढायलाच हवा होता.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या चिमुकल्या देशात २०१८ साली दोन नर्सनी नेमकी याच जागी चूक केली. पाण्याऐवजी स्नायू सैल करणाऱ्या औषधात लस कालवली गेली आणि दोन बाळं दगावली. नर्सना तुरुंगवास झाला. सरकारने घाबरून काही महिने लसीकरणच बंद ठेवलं, आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा आया यायला तयार नव्हत्या. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेचे रॉबर्ट केनेडी ज्युनियर तिथे गेले. लशींबद्दल वर्षानुवर्षं संशय पसरवणाऱ्या एका संस्थेचे ते तेव्हा प्रमुख होते. तिथल्या लसविरोधी लोकांनाही ते भेटले. त्याच वर्षाअखेर गोवराची साथ आली. दोन लाख वस्तीच्या देशात ८३ माणसं गेली, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची पोरं होती.

केनेडींमुळे साथ आली असं मी म्हणत नाही. लसीकरण त्यांच्या जाण्याआधीच कोसळलं होतं. पण विश्वास उडालेल्या गावात जाऊन माणूस कुणाच्या बाजूला उभा राहतो, ते मी बघते. बडोद्यातल्या वाडी, पाणीगेट, फतेपुऱ्यात पल्स पोलिओच्या रविवारी दारोदार फिरलेली बाई आहे मी. "बेन, ताव आवशे?" (ताई, ताप येईल का?) असं विचारणाऱ्या आईला उंबऱ्यावर बसून समजावलंय, तेव्हा कुठे पोराच्या करंगळीला शाई लागली. हजारो बायकांनी असं समजावलं म्हणून २०११ च्या जानेवारीनंतर भारतात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही.

म्हणूनच डोनाल्ड ट्रंप दुसऱ्यांदा निवडून आले आणि त्यांनी आरोग्यमंत्री म्हणून केनेडींचं नाव पुढे केलं, तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही. आणि सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, त्या नावाला मत देणारे डॉक्टर बिल कॅसिडी माझ्या मनातून जात नाहीत.

आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. दांडिया बाजारातले माझे धाकटे दीर रोज सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचतात, आणि त्यांचा मुलगा ह्यूस्टनला असतो. तो रिपब्लिकन पक्षाला मत देतो, त्याची बायको डेमोक्रॅट. या डिसेंबरात दोघं आले होते. सेव-उसळ मागवली होती, आणि तरी वाढून होईपर्यंत वाद पेटलासुद्धा.

भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, लोकांनी त्याला निवडून दिलं ना? मग त्याची माणसं त्याला निवडू द्या. आपल्याकडे पंतप्रधानांनी मंत्री नेमले की कोण विचारतं?"

हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. आपल्या घटनेच्या कलम ७५ प्रमाणे पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती मंत्री नेमतात. संसदेचं सदस्यत्व नसलेला माणूसही सहा महिने मंत्री राहू शकतो. पण आपला मंत्री रोज सभागृहात बसतो, प्रश्नोत्तराच्या तासाला उभा राहतो. अमेरिकेतला मंत्री संसदेचा सदस्य नसतोच, असला तर जागा सोडावी लागते. म्हणून तिथे दारातच चौकशी असते. राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचं, सिनेटच्या समितीने त्या माणसाला समोर बसवून विचारायचं, आणि मग शंभर सिनेटरांनी मत द्यायचं. सल्ला आणि संमती, असे दोन्ही शब्द घटनेत आहेत. नुसती संमती द्यायची असती तर 'सल्ला' हा शब्द कशाला घातला असता?

आणि ही चौकशी प्रत्येक वेळी भांडणातच संपते असंही नाही. याच ट्रंप यांचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ ९९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाले. म्हणजे ज्याच्याबद्दल शंका नाही, त्याला विरोधकही अडवत नव्हते. चार दिवसांनी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या वेळी ५०-५० झाले आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांना निर्णायक मत द्यावं लागलं.

पुतण्याची बायको, म्हणजे माझी सूनच, म्हणाली, "काकू, रिपब्लिकनांनी सिनेटची अब्रू घालवली." पुतण्या लगेच उसळला, "२०१३ कुणी केलं?" यात मी पुतण्याच्या बाजूची आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात सिनेटमध्ये डेमोक्रॅट बहुमतात होते. त्याआधी नियम असा होता की कुणी अडवून धरलं तर चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागायची. ओबामांच्या नेमणुका अडत होत्या म्हणून हॅरी रीड यांनी तो नियम बदलून साध्या बहुमतावर आणला. त्या वेळी त्यांना सोय झाली. २०२५ मध्ये रिपब्लिकन ५३ होते. जुना नियम असता आणि डेमोक्रॅटांनी अडवून धरलं असतं, तर केनेडींसाठी समोरच्या बाकावरची निदान सात मतं मिळवावी लागली असती. ती मिळाली असती असं मला वाटत नाही. आपल्या पक्षाची गाडी अडली म्हणून ज्यांनी कुंपण काढलं, त्यांनी नंतर गुरं शिरली म्हणून ओरडताना तेही सांगावं. सून गप्प बसली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसलं.

पक्ष बघून मत देणं जुनंच आहे. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांनी जॉन टॉवर यांना संरक्षणमंत्री करायचं ठरवलं. टॉवर स्वतः सिनेटर होते, संरक्षण समितीचे अध्यक्ष राहिलेले. तरी त्यांच्या दारू पिण्यावरून आणि संरक्षण कंपन्यांशी असलेल्या संबंधांवरून ते ५३ विरुद्ध ४७ मतांनी पडले, आणि दोन-चार जण सोडले तर मतं पक्षाप्रमाणेच पडली. त्यानंतर आजतागायत मंत्रिपदाचं एकही नाव प्रत्यक्ष मतदानात पडलेलं नाही. हरणार असं दिसलं की माणूस आधीच माघार घेतो. २०२१ मध्ये बायडन यांच्या नीरा टंडन यांनी घेतली, २०२४ च्या नोव्हेंबरात ट्रंप यांच्या मॅट गेट्झ यांनी.

बडोद्याच्या माणसाला अशी मतविभागणी वाचली की १८७५ आठवतं. मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअरला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. चौकशीला सहा जण बसले. तीन इंग्रज, आणि तीन आपले: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. सहाही जणांनी तेच साक्षीदार ऐकले, तेच कागद पाहिले. इंग्रज तिघांना आरोप सिद्ध वाटला, आपल्या तिघांना नाही वाटला. सरकारने शेवटी गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढलं. लहानपणी वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, मग चौकशी केली कशाला? सिनेटचे आकडे वाचताना मला तोच प्रश्न पडतो.

आता कॅसिडींकडे येते, कारण मला खरं त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

बिल कॅसिडी हे लुइझियानाचे रिपब्लिकन सिनेटर, आरोग्य समितीचे अध्यक्ष, आणि पेशाने यकृताचे डॉक्टर. राजकारणात येण्याआधी त्यांनी बॅटन रूज भागातल्या ३६,००० मुलांना हेपटायटिस बीची लस फुकट देण्याची मोहीम उभी केली होती. म्हणजे हा आमच्यातला माणूस. केनेडींच्या सुनावणीच्या वेळी त्यांनी आपल्या एका रुग्णाची गोष्ट सांगितली. अठरा वर्षांची मुलगी, हेपटायटिस बीने यकृत निकामी झालेलं, प्रत्यारोपणासाठी हेलिकॉप्टरने पाठवावी लागली. पन्नास डॉलरच्या लशीने हे सगळं टळलं असतं, असं ते म्हणाले. लशींमुळे ऑटिझम होत नाही एवढं स्पष्ट बोला, असं त्यांनी केनेडींना पुन्हा पुन्हा विनवलं. केनेडी म्हणाले, मी लसविरोधी नाही, माझ्या मुलांनी लशी घेतल्यात, पुरावा दाखवा मग बोलतो. सामोआबद्दल विचारलं तर त्या भेटीचा लशींशी संबंध नव्हता म्हणाले.

सुनावणीच्या शेवटी कॅसिडींनी कबूल केलं की या नेमणुकीवरून त्यांच्या मनात झगडा चाललाय. ४ फेब्रुवारीला अर्थ समितीत मतदान झालं आणि १४ विरुद्ध १३ ने नाव पुढे गेलं. कॅसिडींचं मत बाजूने पडलं. ते विरुद्ध पडलं असतं तर तिथेच अडलं असतं. १३ फेब्रुवारीला पूर्ण सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८.

विरोधात गेलेला एकमेव रिपब्लिकन म्हणजे मिच मॅककॉनेल. आयुष्यभर पक्षासाठी मतं मोजलेला माणूस, डेमोक्रॅट ज्याच्या नावाने बोटं मोडतात. त्यांना दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला होता. ज्याच्या पायाने तो रोग सोसला, तो पक्षाचा आदेश मोडून उभा राहिला. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण त्या मतासाठी मी त्यांना मानते.

समितीतल्या मतदानाच्या दिवशीच, ४ फेब्रुवारीला, कॅसिडींनी आपल्याला मिळालेली आश्वासनं सभागृहात वाचून दाखवली होती. लशींच्या सल्लागार समितीच्या शिफारशी जशाच्या तशा राहतील, रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावरचं 'लशींमुळे ऑटिझम होत नाही' हे वाक्य काढलं जाणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये केनेडींनी त्या समितीचे सतराही सदस्य एका फटक्यात काढले. नोव्हेंबरात ते वाक्य मथळ्यात तसंच ठेवून त्याच्याखाली उलटा मजकूर आला. डिसेंबरात नव्या समितीने सगळ्या नवजात बाळांना जन्मतः हेपटायटिस बीची लस देण्याची शिफारस मागे घ्यायचं ठरवलं. बरोबर तीच लस, जिच्यासाठी कॅसिडींनी डॉक्टर म्हणून आयुष्य घातलं.

जन्मतः संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांमध्ये तो विषाणू जन्मभर घर करतो. म्हणून आपल्याकडे पहिल्या चोवीस तासांत ती लस देतात. प्रसूतीच्या वॉर्डात बाळ आईच्या कुशीत देण्याआधी मी ती टोचलेली आहे, रात्री-अपरात्री टोचलेली आहे. त्यामुळे डिसेंबरची ती बातमी मी शांतपणे वाचू शकले नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, कॅसिडींवर एवढा राग का? बाकीचे एकावन्न होतेच की."

एकावन्नांना माहीत नव्हतं, भाऊजी. निदान तसं म्हणता तरी येतं. कॅसिडींना माहीत होतं. त्यांनी विचारलेले प्रश्न बरोबर होते, मिळालेली उत्तरं अपुरी होती, आणि हे त्यांनाच सगळ्यांत जास्त कळत होतं. उत्तर अपुरं असताना तोंडी वचनावर पुढे जाऊ द्यायचं, हे आमच्या वॉर्डात चालत नाही. कुपीवर वेळ लिहिलेली नसेल तर "सिस्टर, आत्ताच कालवलीय" असं कितीही खात्रीने सांगितलं तरी ती लस टाकायची. आणि केनेडी तर मुळात डेमोक्रॅट घराण्यातले, २०२३ मध्ये त्याच पक्षाकडून उमेदवारी मागत होते. हेच नाव बायडन यांनी दिलं असतं तर रिपब्लिकनांनी काय केलं असतं, आणि डेमोक्रॅटांनी काय केलं असतं? पुतण्याला मी हे विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "काकू, बहुतेक दोन्हीकडची मतं उलटी पडली असती."

सुनेला मार्चमध्ये दिवस भरतात. बाळाला पहिल्या दिवशी हेपटायटिस बीची लस द्यायची हे दोघांनी आधीच ठरवलंय, डॉक्टरांशी बोलून झालंय. पुतण्या एवढंच म्हणाला की तरीही त्याने केनेडींच्या बाजूनेच मत दिलं असतं, राष्ट्राध्यक्षाला त्याचा माणूस मिळायला हवा. मी त्याला म्हटलं, तुझ्या बाळासाठी तू त्या मंत्र्याच्या समितीचं ऐकणार नाहीस, आणि इतरांच्या बाळांसाठी त्याला खुर्ची देणार. त्यावर तो काही बोलला नाही, आणि परवा फोन आला तेव्हाही हा विषय त्याने काढला नाही. मी पुन्हा काढणार आहे.