आमची वाटचाल : डिस्कपासून पेन ड्राइव्हपर्यंत

सांगलीत 2009 साली मावसभावाच्या भागीदारीत आम्ही दुकान उघडले, तेव्हा फलकावर ‘शूटिंग, मिक्सिंग, सीडी रायटिंग’ एवढेच होते. लग्नाच्या डिस्कची फाइल करून देणे हे फावल्या वेळचे काम होते. घरोघरचे डीव्हीडी प्लेअर बंद पडले आणि नव्या टीव्हीला फक्त यूएसबीची जागा उरली, तसे तेच मुख्य काम झाले. मधली वर्षे बरी गेली.

2017 च्या दिवाळीनंतर समोरच्याच गाळ्यात एकाने ‘कोणतीही डिस्क पन्नास रुपयांत, दहा मिनिटांत’ असा फलक लावला. आमचा दर दीडशे होता आणि आम्ही दोन दिवस मागत होतो. दहा मिनिटांत काय होते, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या फायली, म्हणजे व्हीओबी, जशाच्या तशा उचलायच्या, नावामागचे शेपूट बदलून एमपीजी करायचे आणि पेन ड्राइव्ह हातावर ठेवायचा. डीव्हीडीवर प्रत्येक व्हीओबी एक जीबीच्या आत तुटत असल्यामुळे मंगलाष्टके एका तुकड्यात आणि शेवटचे ‘सावधान’ दुसऱ्यात, असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. टीव्हीला डीव्हीडीतला एसी-3 या प्रकारचा आवाज कळला नाही की सगळे वऱ्हाड मुके, आणि 4:3 चे, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचे, चित्र रुंद पडद्यावर ताणले की नवरी बिचारी आडवी. वरातीतल्या लेझमीला कंगव्यासारखे दाते दिसत ते वेगळेच, कारण पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला 50 अर्धी, एकाआड एक ओळींची चित्रे असतात आणि त्यांची 50 पूर्ण चित्रे करायला संगणकाला वेळ द्यावा लागतो. विकतच्या सिनेमांच्या कुलूपबंद डिस्कसुद्धा तो बिनदिक्कत फोडून देई. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात, हक्कभंगासाठी असे कुलूप फोडणे गुन्हा ठरवणारे कलम 65 अ आल्यापासून आम्ही त्या कामाला नकारच देत होतो, आणि ती गिऱ्हाइकेही गेली.

आठ महिन्यांत काम तिसऱ्या हिश्शावर आले. मावसभाऊ बाहेर पडला. त्याच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही, मात्र जाताना खरवडलेली डिस्कसुद्धा वाचणारा तो जुना रायटर त्याने न्यायला नको होता.

त्या काळात गावभागातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका दर शनिवारी न चुकता एकच डिस्क घेऊन येत. “सगळ्या एकदम दिल्या तर तू घाई करशील,” असे त्या म्हणत आणि दीडशे रुपये मोजून ठेवत. काही शनिवारी गल्ल्यात तेवढीच भर पडे.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. पूर ओसरल्यावर बाई चिखलाने भरलेली पिशवी घेऊन आल्या. त्यात उरलेल्या अकरा डिस्क होत्या. सीडीचा चमकदार थर वरच्या बाजूला, लेबलाखालीच असतो, त्यामुळे चार व्हीसीडींचा, म्हणजे व्हिडिओच्या सीडींचा, मुलामा लेबलाबरोबर सुटून आला आणि त्या गेल्याच. डीव्हीडीचा थर प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये असल्याने त्या सात धुऊन, उन्हात न ठेवता उभ्या वाळवल्या. नंतर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधून निघेल तेवढे काढणारा प्रोग्राम लावून, तीन वेगवेगळे ड्राइव्ह आलटून पालटून वापरत, रात्र रात्र एकेक डिस्क वाचली. सहा पूर्ण निघाल्या, सातवीत विहिणींची पंगत तेवढी हरवली. ही गोष्ट बाईंनी अख्ख्या गावभागात सांगितली आणि आमचे दुकान तरले.

आता ओघाने सांगतो, डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका, आणि पुसायची झाल्यास मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नव्हे. फाइल 4 जीबीपेक्षा मोठी असेल तर पेन ड्राइव्ह फॅट-32 या फॉरमॅटचा चालत नाही. आणि पैसे देण्याआधी फाइल आपल्याच घरच्या टीव्हीवर लावून पाहा, दुकानदाराच्या संगणकावर नव्हे.

समोरचा फलक अजून तिथेच आहे. न वाचणाऱ्या डिस्क हल्ली तो पोऱ्याच्या हाती, स्वतःचे नाव न सांगता, आमच्याकडे पाठवतो. पिशवी त्याच्याच दुकानाची असते. दर आम्ही त्याला इतरांइतकाच लावतो, आणि दोन दिवसही तितकेच घेतो.